तंत्रस्नेही शिक्षकांनो, सोबत्याच्या वर्गात जा

२०२० च्या मार्चमध्ये शाळांना कुलपे लागली आणि महिन्या-दोन महिन्यांत जिकडेतिकडे ऑनलाइन वर्गांची बोलणी सुरू झाली. नागपूर विभागापुढे तेव्हा मोठा पेच होता. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या आतल्या गावांत फोनला रेंज मिळणे कठीण, आणि घरात स्मार्टफोन असलाच तर तो सकाळी वडिलांच्या खिशातून कामावर जाणार. अशा वेळी विभागीय प्रशासन, जिल्हा परिषदा आणि शिक्षणात काम करणारी ‘प्रथम’ ही संस्था यांनी मिळून आकाशवाणी नागपूरवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम सुरू केला. हे केंद्र १९४८ पासून विदर्भाच्या घराघरांत ऐकले जाते. ५८५ किलोहर्ट्झवर रेडिओ लावला की मुलांसाठी गोष्टी, गाणी, खेळ आणि घरातल्याच वस्तूंनी करायच्या कृती ऐकू यायच्या. गावोगावच्या मुलांचे आणि पालकांचे बोलणेही त्यात असायचे.

शिक्षकांना तंत्रज्ञानासाठी मदत कशी करावी, हा विषय निघाला की मला हा कार्यक्रम आठवतो. रेडिओ कसा लावायचा हे त्यात कोणाला शिकवावे लागले नाही. त्यामुळे सगळी मेहनत खऱ्या प्रश्नांवर करता आली: ऐकून झाल्यावर मुलाने काय करायचे, घरात त्याच्याजवळ कोण बसणार, गावात आठवण कोण करून देणार. शाळेत नवे यंत्र आले की आपल्याकडे नेमके हेच प्रश्न मागे पडतात. पॅनल येतो, भिंतीवर चढतो, उद्घाटन होते, फोटो निघतात. पुढच्या सोमवारी तिसऱ्या तासाला सहावीच्या वर्गात त्यावर काय दाखवायचे, हे ज्या मॅडमना ठरवायचे आहे त्यांच्याशी कोणी पाच मिनिटे बोललेले नसते.

म्हणून हा लेख तंत्रस्नेही शिक्षक, मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख यांच्यासाठी आहे. प्रत्येक केंद्रात एखादे सर किंवा एखाद्या मॅडम अशा असतातच, ज्यांच्याकडे बाकीचे सगळे आपापला मोबाइल घेऊन येतात. ते तुम्ही असाल, तर माझे तुम्हाला कळकळीचे सांगणे एवढेच आहे की हॉलमधले प्रशिक्षण थोडे बाजूला ठेवा आणि सोबत्याच्या वर्गात जा.

हॉलमधल्या प्रशिक्षणाचे चित्र सगळ्यांना ठाऊक आहे. गटसाधन केंद्रात पन्नास-साठ शिक्षक बसलेले असतात. पडद्यावर एकामागून एक अ‍ॅप उघडते, मागच्या रांगेला काही दिसत नाही, सगळ्यांनी एकदम सुरू केल्यावर वायफाय बसते, चहा होतो, फीडबॅकची लिंक भरली जाते आणि दुपारी प्रमाणपत्र मिळते. शिकवणारा मनापासून शिकवतो, ऐकणाराही मनापासून ऐकतो. पण त्या दिवशी हातात वर्ग नसतो, मुले नसतात, धडा नसतो. आठवड्याभराने वर्गात उभे राहिल्यावर केबल कुठे लावायची इथपासून सुरुवात होते आणि समोर पस्तीस मुले बघत असतात. एकदा असे झाले की ते शिक्षक पुन्हा त्या यंत्राकडे फिरकत नाहीत, आणि मला त्यात त्यांचा दोष दिसत नाही.

नुसती यंत्रे वाटून काय होते, याचा मोठा दाखला पेरू देशाने दिला आहे. तिथल्या सरकारने मुलांना लाखो लॅपटॉप दिले. ३१९ शाळांत त्याची पाहणी झाली आणि २०१२ साली निष्कर्ष बाहेर आले: गणितात आणि भाषेत काहीही फरक नाही. आपल्या शेजारच्या गुजरातमधले अनुभव याहून शिकण्यासारखे आहेत. वडोदऱ्यात चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघे, असे गणिताचे खेळ दिले, तेव्हा गणितात चांगली सुधारणा दिसली. ज्ञानशाला या संस्थेच्या वर्गांत मात्र दोन तऱ्हेने प्रयोग झाला. जिथे शिक्षिकेच्या शिकवण्याचा वेळ काढून तो संगणकाला दिला, तिथे मुले उलट मागे पडली. जिथे शाळेच्या वेळेबाहेर जास्तीचा सराव म्हणून संगणक दिला, तिथे ती पुढे गेली. संगणकाचा कार्यक्रम तोच, मुलेही तशाच घरांतली. बदलले ते फक्त शिक्षिकेच्या वेळेचे गणित. सोबत्याला मदत करायला निघताना हे पक्के ध्यानात असू द्या. तुम्ही सुचवलेल्या गोष्टीमुळे शिक्षकाचा मुलांशी बोलण्याचा वेळ कमी होणार असेल, तर ती सुचवू नका.

सुरुवात अडलेल्या धड्यापासून

तर सोबत्याकडे गेल्यावर पहिले बोलणे यंत्राचे नको. “मॅडम, विज्ञान-भूगोलात असा कुठला भाग आहे जो दरवर्षी शिकवूनही मुलांच्या डोक्यावरून जातो?” असे विचारा. वीस वर्षे शिकवणाऱ्या शिक्षकाकडे या प्रश्नाची उत्तरे तयार असतात, फक्त आजवर कोणी विचारलेले नसते. शिवाय असे विचारल्याने मोठेपण त्यांच्याकडेच राहते. त्यांना विषय आणि मुले ठाऊक, तुम्हाला यंत्र ठाऊक. या पायावर झालेली मदत टिकते.

समजा उत्तर आले, “दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो, हे मुलांच्या मनातून निघत नाही.” अगदी खरी अडचण आहे. नागपूर २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे सूर्य बरोबर माथ्यावर येतो तो वर्षातून दोनदाच, २६ मेच्या आणि १७ जुलैच्या आसपास. मे महिन्यात तो दिवस उन्हाळी सुट्टीत जातो. विदर्भातल्या शाळा उकाड्यामुळे जूनच्या शेवटी उघडतात. जुलैतला दिवस शाळेच्या वेळात येतो, पण आकाश बहुधा ढगांनी भरलेले असते. म्हणजे शून्य सावलीचा दिवस आपल्या मुलांना शाळेत बघायला मिळणे जवळजवळ अशक्य. असे काही सापडले की समजावे, इथे तंत्रज्ञानाला खरे काम आहे.

लॅपटॉपवर ‘स्टेलॅरियम’ हे मोफत सॉफ्टवेअर घरी किंवा शाळेत एकदा उतरवून ठेवा. पुढे त्याला इंटरनेट लागत नाही. ठिकाण नागपूर निवडा, तारीख २६ मे टाका आणि घड्याळ सकाळी सहापासून पुढे सरकवत न्या. बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास सूर्य थेट माथ्यावर येतो. आता तारीख बदलून २२ डिसेंबर करा. दुपारच्या त्याच वेळी सूर्य दक्षिणेकडे, क्षितिज आणि माथा यांच्या मध्यावर अडकलेला दिसतो. वर्ग एकदम गप्प होतो आणि मग प्रश्न सुटतात.

इथवरचे काम यंत्राने केले. पुढचे त्याच्याने होत नाही. डिसेंबरच्या त्याच आठवड्यात मैदानात एक मीटरची सरळ काठी उभी रोवा आणि बारा वाजून दहा-पंधरा मिनिटांनी तिची सावली मोजायला लावा. नागपुरात ती जवळजवळ एक मीटरच भरते, काठीएवढी काठीची सावली. पडद्यावर पाहिलेला पंचेचाळीस अंशांचा सूर्य मुलांच्या मोजपट्टीवर उतरतो. दर पंधरवड्याने एकदा हीच सावली मोजून वहीत लिहिली, तर मार्चपर्यंत ती आक्रसत जाताना दिसते आणि मे महिन्यात काय होणार, हे मुले आपणहून सांगतात.

या धड्यात लॅपटॉप जेमतेम दहा मिनिटे वापरला जातो. तंत्रज्ञानाचा धडा म्हणजे पूर्ण तासभर पडदा चालू, ही समजूत सोडायला सोबत्याला मदत करा. डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही किंवा आपल्या गावात घडत नाही तेवढेच पडद्यावर दाखवावे. वेणा नदीच्या काठच्या गावात नदीचा व्हिडिओ दाखवू नये, मुलांना नदीवर न्यावे. पेंचवरच्या तोतलाडोहापासून रामटेकपर्यंतचा सगळा प्रदेश उंचावरून कसा दिसतो हे मात्र गुगल अर्थवर जरूर दाखवावे, कारण कोणत्याच टेकडीवरून तो असा दिसणार नाही. नेटवर्कचा भरवसा नसेल तर आदल्या दिवशी स्क्रीन रेकॉर्ड करून पेनड्राइव्हवर घ्यावे.

विजेचे परिपथ शिकवायचे असतील तर कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ सिम्युलेशने मराठीतही आहेत आणि उतरवून बिननेटची चालतात. त्यात मुले मनसोक्त तारा जोडतात, चुकून शॉर्ट सर्किट करतात, काही जळत नाही. मात्र शेजारच्या बाकावर दोन सेल, एक बल्ब आणि तारेचे तुकडे असायलाच हवेत. खऱ्या तारेचे टोक सैल राहिले की बल्ब पेटत नाही, हा धडा सिम्युलेशन शिकवत नाही.

अडचणीपासून सुरुवात करण्याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या राज्यातलेच आहे. रणजितसिंह डिसले सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत होते, तेव्हा तिथल्या अनेक मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तक त्यांना परके होते. त्यांनी मुलांना समजेल असे दृकश्राव्य साहित्य तयार केले आणि पुस्तकात क्यूआर कोड डकवून ते जोडले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतच क्यूआर कोड आले आणि २०२० साली डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. लोकांच्या लक्षात कोड राहिला. मला त्याआधीची गोष्ट मोलाची वाटते, की वर्गातली भाषेची अडचण त्यांनी आधी ओळखली होती.

त्या कोडांचा वापर आज आपल्या शाळांत किती होतो? पुष्कळ शिक्षकांना एक साधी गोष्ट कोणी दाखवलेली नसते. २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू झालेल्या ‘दीक्षा’वरचे बरेचसे साहित्य आधी डाउनलोड करून ठेवता येते. घरी वायफायवर किंवा रेंज असलेल्या जागी बसून पुढच्या दोन आठवड्यांच्या पाठांचे कोड स्कॅन करायचे, व्हिडिओ स्वतः पूर्ण बघायचे, कामाचे तेवढे उतरवून घ्यायचे. ‘स्वतः पूर्ण बघायचे’ यावर माझा भर आहे. काही व्हिडिओ उत्तम आहेत, काही पुस्तकच वाचून दाखवतात. कुठे थांबवायचे आणि थांबवून मुलांना काय विचारायचे, हे आधी कागदावर लिहिलेले नसेल तर तो व्हिडिओ वर्गात लावू नये.

वर्गात जाणे म्हणजे काय

धडा ठरला, साहित्य उतरवले. आता पहिल्या तासाला तुम्ही सोबत्याच्या वर्गात जा आणि यंत्राचा ताबा घ्या. शिकवणे त्यांनीच करायचे. त्या मुलांशी बोलतील, प्रश्न विचारतील, तुम्ही फक्त चित्र पुढे-मागे कराल. त्यांचे सगळे लक्ष मुलांवर राहते आणि पडद्यामुळे वर्गात काय फरक पडतो, हे त्यांना निवांत बघता येते. पुढच्या वेळी यंत्र त्यांच्या हाती द्या आणि तुम्ही शेजारी उभे राहा. काही अडले तर लगेच हात घालू नका. तोंडाने सांगा. बोटे त्यांची चालली पाहिजेत. तुम्ही झटकन करून दिले की काम होते, पण शिकणे राहून जाते, हे आपण मुलांच्या बाबतीत चांगले जाणतो.

त्यानंतर मागच्या बाकावर बसा. तिथून काय दिसते ते बघा. बहुतेक वेळा अक्षरे दिसत नाहीत, हे पहिल्यांदा तिथेच कळते. एका पडद्यावर पाच-सहा ओळींपेक्षा जास्त मजकूर नको, हा नियम मागच्या बाकावर बसल्याशिवाय पटत नाही. तास संपल्यावर बोलताना आधी त्यांना बोलू द्या. चुकांची यादी हातात देऊ नका. पुढच्या धड्यासाठी एकच बदल ठरवा.

या सगळ्याला वेळ कुठून आणायचा? इथे मुख्याध्यापकांनी आणि केंद्रप्रमुखांनी पुढे यायला हवे. एकाच शाळेत असाल तर तासांची अदलाबदल करून आठवड्याला एक तास मोकळा करता येतो. वेगवेगळ्या शाळांत असाल तर केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेचा वापर करा. त्या दिवशी भाषणे कमी ठेवून यजमान शाळेत एक खरा धडा, खऱ्या मुलांसमोर होऊ द्या, आणि तो तंत्रस्नेही शिक्षकाने न घेता नुकत्याच शिकलेल्या एखाद्या मॅडमनी किंवा गुरुजींनी घ्यावा. पन्नाशी ओलांडलेल्या गुरुजींना पडद्यावर सूर्य सरकवताना पाहून बाकीच्यांना जो धीर येतो, तो कुठल्याही तज्ज्ञाच्या व्याख्यानाने येत नाही.

भीतीबद्दल थोडे मोकळेपणाने बोलायला हवे. अनुभवी शिक्षकाचा वर्गात एक दरारा असतो, तो वर्षानुवर्षांच्या कष्टातून आलेला असतो. यंत्रापुढे आपण गोंधळलो आणि पोरे हसली तर तो जाईल, ही भीती खरी आहे. तिला आळस किंवा विरोध म्हणू नका. सरावासाठी शाळा सुटल्यावरची वेळ द्या, खोलीत तुम्ही दोघेच असा. शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणाला शिकवायला जाऊ नका, तिथे कोणी “मला जमत नाही” असे लिहीत नाही. यंत्र बंद पडले तर काय करायचे, हे आधीच ठरवून ठेवा. प्रत्येक धड्याला फळा-खडूची एक वाट तयार असली की भीती निम्मी होते. वीज गेली, तर त्याच चित्राची आकृती फळ्यावर काढून धडा पुढे न्यायचा, मुलांना काही बिघडले असे वाटूही द्यायचे नाही.

मुलांनाही यात घ्या. केबल लावणे, स्पीकर जोडणे, वापरून झाल्यावर झाकण घालणे ही कामे सातवीच्या दोन मुलांकडे आणि दोन मुलींकडे सोपवा. मुली आवर्जून. नाहीतर यंत्राभोवती मुलगेच गोळा होतात आणि मुली मागे राहतात.

दोनशिक्षकी शाळेत

दोनशिक्षकी शाळांना वेगळा सल्ला द्यावा लागतो. कुही, भिवापूर, पारशिवनीच्या आतल्या गावांत पहिली ते चौथीचे वर्ग दोघांनी सांभाळायचे असतात. एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याला काहीतरी काम देऊन बसवावे लागते, आणि ते काम पुष्कळदा पुस्तकातला उतारा उतरवून काढण्याचे असते. इथे दोन-तीन टॅबलेट असले तरी मोठा उपयोग होतो. पहिलीच्या मुलांना बाई अक्षरे गिरवायला शिकवत असताना तिसरीतली मुले जोडीजोडीने ‘रीड अलाँग’सारख्या अ‍ॅपवर मोठ्याने मराठी गोष्टी वाचू शकतात. मूल अडखळले की अ‍ॅप शब्द उच्चारून दाखवते. एका बाईला वीस मुलांचे वाचन रोज ऐकणे शक्य नसते. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या कार्यक्रमावर झालेल्या अभ्यासात गणित आणि हिंदी दोन्हींत साडेचार महिन्यांत ठळक प्रगती दिसली. मूल ज्या पातळीवर आहे तिथले प्रश्न त्याला मिळत होते, ही त्यातली कळीची गोष्ट होती. पाचवीतल्या मुलाला दुसरीची वजाबाकी येत नसेल तर तिथून सुरू करणे वर्गात अवघड जाते, टॅबलेटवर सोपे जाते.

फक्त एक पथ्य पाळा. टॅबलेटवर बसलेल्या मुलांकडे आठवड्यातून एकदा तरी बाईंनी स्वतः बसावे, त्यांचे वाचन कानांनी ऐकावे. अ‍ॅपने दिलेले तारे म्हणजे वाचता येणे नव्हे.

वीज, ऊन, धूळ आणि पैसा

आता यंत्राकडे येऊ. नागपूरच्या हवेत यंत्रे लवकर आजारी पडतात. मार्चनंतर सकाळची शाळा सुरू होते तेव्हाही वर्गाच्या खोल्या तापलेल्या असतात. प्रोजेक्टर घ्यावा की मोठा टीव्ही, हा प्रश्न नेहमी येतो. खिडक्यांना पडदे नाहीत, भरपूर उजेड आहे, पट तीसच्या आत आहे, तर सरळ टीव्ही घ्या. प्रोजेक्टरला अंधार लागतो, अंधार केला की वारा बंद होतो, आणि एप्रिलमध्ये तशा खोलीत मुलांना बसवणे बरे नाही. प्रोजेक्टर असलाच तर त्याची जाळी महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने झाडा आणि पंखा थांबेपर्यंत मुख्य बटण बंद करू नका. स्टॅबिलायझर किंवा यूपीएस यावर काटकसर नको. पावसाळ्याच्या तोंडाला विजा कडाडू लागल्या की प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवायची सवय लावा. टिनाच्या छपराखाली पाऊस सुरू झाला की टीव्हीचा आवाज कोणालाच ऐकू येत नाही, म्हणून एक बरा स्पीकर वेगळा घ्या. मला विचाराल तर मोठ्या पॅनलच्या आधी स्पीकरवर खर्च करावा.

पैशाचा हिशेबही उघडपणे मांडा. समग्र शिक्षा योजनेतल्या संयुक्त शाळा अनुदानाचे निकष असे आहेत: तीसपर्यंत पटाच्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००. त्यातून किमान दहा टक्के स्वच्छतेवर जातात आणि बाकीच्यात खडू, दुरुस्ती, वीजबिल सगळे भागवायचे असते. लहान शाळेला यातून नवे यंत्र घेणे जमत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. यंत्रासाठी ग्रामपंचायत, लोकसहभाग, कंपन्यांचा सामाजिक निधी यांच्याकडे जा, आणि अनुदानातले थोडे पैसे दुरुस्तीसाठी राखून ठेवा. देणगीदार भेटला तर शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात एक ओळ लिहून घ्या, की यंत्राबरोबर दोन वर्षांची दुरुस्तीही त्याच्याकडेच राहील. पुष्कळजण आनंदाने तयार होतात, त्यांना कोणी विचारलेले नसते. वीजबिल कोण भरणार, हे मात्र यंत्र घेण्याच्या आधी ग्रामपंचायतीत ठरले पाहिजे. थकबाकीमुळे जोडणी तुटलेल्या शाळेत पॅनल असून उपयोग काय?

नागपूरजवळच्या सातनवरी गावात २०२५ साली ‘स्मार्ट, इंटेलिजंट गाव’ हा प्रकल्प सुरू झाला आणि शेती-आरोग्याबरोबर शाळाही त्यात आली. असे प्रकल्प आणखी गावांत येतील, यायला हवेत. ते आपल्या गावात येतील तेव्हा शाळेने आपली मागणी तयार ठेवावी: आम्हाला कोणत्या धड्यांना मदत हवी आहे, आमच्या कोणत्या शिक्षकांना किती दिवस सोबत हवी आहे.

घरच्या फोनविषयी एक आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरणारी ५७ टक्के होती, समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. फोन कसा वापरायचा हे या मुलांना शिकवायची गरज नाही. आलेली माहिती खरी आहे का हे कसे तपासावे, अनोळखी माणसाचा संदेश आला तर काय करावे, पासवर्ड कोणाला द्यायचा नाही, हे मात्र कोणीतरी शिकवायला हवे. ते वर्गशिक्षकाने शिकवले तर मुले ऐकतात.

मुलांचे फोटो आणि व्हिडिओ यांच्याबाबत आपण सगळेच फार ढिले आहोत. धडा छान झाला की लगेच ग्रुपवर, मग स्टेटसवर, मग आणखी कुठेतरी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. कायद्याचे बाजूला ठेवले तरी, चुकलेले उत्तर देणाऱ्या मुलीचा व्हिडिओ गावभर फिरावा असे कोणत्या आईला वाटेल? फोटो काढायचाच असेल तर वह्यांचा, काठीच्या सावलीचा, मुलांच्या हातांचा काढा. नावे, आधार क्रमांक, गुणपत्रके कुठल्याही अ‍ॅपमध्ये टाकण्याआधी मुख्याध्यापकांना विचारा. प्रश्नपत्रिका काढायला एआयची मदत घेणाऱ्यांनाही हेच सांगा, आणि त्याने दिलेला प्रत्येक प्रश्न स्वतः सोडवून बघायला सांगा. मराठीत आणि गणितात त्याच्या चुका होतात आणि त्या मोठ्या आत्मविश्वासाने होतात.

केंद्रप्रमुखांना एक विनंती. आज शिक्षकाच्या मोबाइलचा सर्वांत जास्त वेळ माहिती भरण्यात जातो: हजेरी, पोषण आहार, यू-डायस, वेगवेगळ्या लिंका. तंत्रज्ञान म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे हेच काम येते, आणि त्यातून जो कंटाळा साचतो तो वर्गातल्या वापरावर निघतो. एकच माहिती पुन्हा पुन्हा मागितली जात असेल तर ती तुमच्या पातळीवर थांबवा. सोबत्याच्या वर्गात गेलेल्या शिक्षकाकडून त्याचा अहवाल, फोटो, तक्ता मागू नका. महिन्याला एक ओळ पुरे: कोणता धडा, मुलांना काय नव्याने कळले.

आणि बदल्यांचा विचार आजच करून ठेवा. जिल्हा परिषदेच्या शाळांत तंत्रस्नेही शिक्षकाची बदली झाली की लॅपटॉपचा पासवर्ड, दीक्षाचे खाते, स्टॅबिलायझरच्या वॉरंटीचा कागद, सगळे त्याच्याबरोबर जाते आणि पॅनल मुका होतो. मुख्याध्यापकांच्या कपाटात एक जाड वही ठेवा. यंत्राचा अनुक्रमांक, घेतल्याची तारीख, दुरुस्ती करणाऱ्याचा फोन, शाळेच्या नावाने काढलेल्या खात्यांची माहिती आणि कोणत्या इयत्तेच्या कोणत्या पाठाला काय वापरले याची नोंद तीत असावी. पासवर्ड बंद पाकिटात, मुख्याध्यापकांच्या ताब्यात. उन्हाळी सुट्टीआधी टॅबलेट निम्मे चार्ज करून, शाळेतल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावेत, पत्र्याच्या कपाटात नकोत. जूनच्या शेवटी शाळा उघडते त्या आठवड्यात ही वही घेऊन दोन शिक्षकांनी एकत्र बसावे, यंत्रे चालू करून बघावीत आणि पहिल्या महिन्यात कोणी कोणाच्या वर्गात जायचे ते वेळापत्रकात लिहून टाकावे.